बोलकी अरेथुसा, मुकी चिआने

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर सिराकुसा नावाचं शहर आहे. आपल्याला ते आर्किमिडीजचं गाव म्हणून ठाऊक असतं. त्या शहराला चिकटून, दोन-तीन पुलांनी जोडलेलं ऑर्टिजिया नावाचं चिमुकलं बेट आहे, आणि बेटाच्या पश्चिम कडेला, समुद्रापासून अगदी चार पावलांवर, एक गोड्या पाण्याचं गोल कुंड आहे. वरून कठडा, खाली हिरवट पाणी, मधोमध पपायरस या उंच पाणवनस्पतीचा दाट झुबका, बदकं, आणि काठाशी सुस्त फिरणारे करडे मासे. कठड्याला टेकून लोक जेलातो खात उभे असतात. स्थानिक लोक याला पपायरसचं कारंजं म्हणतात. नकाशावर मात्र नाव आहे 'फोन्ते अरेतुसा'. अरेथुसा नावाच्या निम्फचा झरा.

मी सिराकुसाला गेले ती या झऱ्यासाठी. ग्रीक नाट्यगृह, बारोक चर्चं, संत ल्युसिया हे सगळं पाहिलंच, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. कॅथीड्रलचं तेवढं सांगते. ते अथीनाच्या देवळाच्या पोटात बांधलंय. भिंतीत चिणलेले जाडजूड डोरिक खांब आतूनही दिसतात, बाहेरूनही. बास.

निम्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अप्सरा येते, इंद्राच्या दरबारात नाचणारी. मला ती तुलना तितकी पटत नाही. ग्रीकांच्या निम्फ दरबारी नव्हत्या. त्या एखाद्या ठरावीक झऱ्याच्या, झाडाच्या, डोंगराच्या असत. झऱ्याच्या त्या नायड, झाडांच्या ड्रायड, डोंगरातल्या ओरिअड. त्या अमरही नव्हत्या. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने जुना कवी हेसिअड याच्या एका कोड्यावरून निम्फचं आयुष्य ९,७२० वर्षं असा हिशेब मांडला होता, आणि झाडाची निम्फ झाड वठलं की मरते, असं जुन्या स्तोत्रात आहे. आपल्याकडे याच्या जवळ कोणी जात असेल तर त्या विहिरीच्या, ओढ्याच्या काठच्या साती आसरा. शेंदूर फासलेले सात दगड, शेजारी म्हसोबा, हिरव्या बांगड्या, खण-नारळ. आमची आजी तिन्हीसांजेला विहिरीवर जाऊ द्यायची नाही. ग्रीकांनाही ही धास्ती होती. निम्फने झपाटलेल्या माणसाला त्यांच्याकडे वेगळं नाव होतं. अथेन्सजवळ वारी इथल्या गुहेत इ.स.पू. पाचव्या शतकात आर्केडेमॉस नावाच्या माणसाने आपण असे झपाटलेले आहोत हे दगडात कोरून ठेवलंय, आणि शेजारी हातात हत्यार घेतलेली स्वतःची आकृतीही. गुहा त्यानेच निम्फसाठी सजवली होती.

तर अरेथुसा. ती मूळची सिसिलीची नाहीच. ती ग्रीसच्या पेलोपनीज भागातली, शिकारीची देवी आर्टेमिस हिच्या सख्यांपैकी एक. शिकारीहून दमून परत येताना तिला एक नदी दिसली. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. कपडे वाळुंजाच्या फांदीवर टाकून ती पाण्यात उतरली. ती नदी म्हणजे अल्फिऑस, ऑलिम्पियाजवळून वाहणारा नददेव. तो जागा झाला, मागे लागला. ही तशीच पळत सुटली, कारण कपडे राहिले पलीकडच्या काठावर. शेवटी आर्टेमिसचा धावा केला. देवीने तिला ढगात लपवलं, मग ती घाबरून घामाघूम होत होत स्वतःच पाणी झाली. अल्फिऑसने तिला ओळखलं आणि तोही माणसाचं रूप टाकून पुन्हा पाणी झाला, तिच्यात मिसळायला. तेव्हा आर्टेमिसने जमीन दुभंगली, अरेथुसा समुद्राखालून वाहत आली आणि इथे ऑर्टिजियावर वर निघाली.

तो मागोमाग आला का? ग्रीकांच्या मते आला. ऑलिम्पियाला नदीत टाकलेला प्याला या झऱ्यात वर येतो, तिकडे बैल बळी दिले की इथलं पाणी गढूळतं, असं लोक सांगत. भूगोलकार स्ट्रॅबोला हे काही पटलं नाही. नदी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत समुद्राला मिळते, मग ती खालून जाईल कशी, असा त्याचा रोखठोक सवाल होता. प्रवासवर्णनकार पॉसेनिअसने मात्र विश्वास ठेवला, कारण डेल्फीच्या देववाणीतच तसं आलं होतं. कॉरिंथहून वसाहत करायला निघालेल्या आर्किअसला देववाणीने सांगितलं होतं की जिथे अल्फिऑसचं पाणी अरेथुसाच्या झऱ्यात मिसळतं, तिथे जा. सिराकुसा वसलं ते इ.स.पू. ७३४ च्या सुमारास. गाव सोडून समुद्रापार आलेल्या माणसांनी दारातलं पाणीसुद्धा मायदेशाहूनच आलंय असं ठरवलं, यात मला त्यांचा भाबडेपणा दिसत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला तर हे समजावून सांगायलाच नको. शिवाय यात राजकारणही होतं. ऑलिम्पियाच्या रथशर्यतींवर सिराकुसाचे सत्ताधीश जीव टाकत. त्यांच्या पदरच्या विजयवीरासाठी ग्रीक कवी पिंडारने गीत लिहिलं तेव्हा त्याची सुरुवातच ऑर्टिजियाला 'अल्फिऑसचा पवित्र विसावा' म्हणून केली.

शास्त्र सरळ आहे. मागच्या चुनखडीच्या डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून येऊन किनाऱ्याशी फुटतं. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ७० मध्ये या झऱ्याचं वर्णन केलंय. पाणी गोडं, प्रचंड, माशांनी खच्चून भरलेलं, आणि मधे दगडी बांध नसता तर समुद्राने केव्हाच गिळलं असतं असं. बांध आजही आहे, म्हणजे आजचा तो एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीतला. पाणी मात्र आता मचूळ झालंय, पिण्याजोगं नाही. अठराव्या शतकात कवितांची पुस्तकं खिशात घालून इथे पोचलेल्या युरोपियन प्रवाशांना झऱ्यात उभं राहून धुणं आपटणाऱ्या बायका दिसायच्या आणि त्यांचा हिरमोड व्हायचा. मला तर ते वाचून बरं वाटलं. झरा असतो कशासाठी? जुलै १७९८ मध्ये नेल्सनच्या आरमारानेही सिराकुसातच पाणी भरलं, आणि पुढे १ ऑगस्टला नाईलच्या मुखाशी नेपोलियनचं आरमार बुडवलं.

कठड्याशी उभं राहून मी कानात शिमानोव्स्की लावला. हा पोलिश संगीतकार सिसिलीत हिंडून गेला होता. १९१५ मध्ये त्याने व्हायोलिन आणि पियानोसाठी तीन 'मिथकं' रचली, त्यातलं पहिलं 'अरेथुसाचा झरा'. सुरुवातीला पियानो एकटाच थरथरत राहतो, सूर असा धड हाती लागत नाही, नुसता पृष्ठभाग हलतोय. मग फार वरून व्हायोलिन येतं, बारीक, जवळजवळ शीळच. पळणं, पाठलाग, सगळं त्यात आहे, पण मला थांबवून ठेवलं ते त्या पहिल्या थरथरीने. समोर एक बदक पपायरसमध्ये चोच खुपसत होतं. संगीताशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

अरेथुसाचा चेहरा पाहायचा तर मुख्य शहरातल्या पाओलो ओर्सी पुरातत्त्व संग्रहालयात जावं लागतं. तिथल्या नाण्यांच्या दालनात भिंगं लावलेली आहेत. माझा त्या दालनातला वेळ बाकी सगळ्या संग्रहालयापेक्षा जास्त गेला. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीला सिराकुसाने चांदीची दहा द्राख्मांची मोठी नाणी पाडली. एकेक सुमारे ४३ ग्रॅमचं, तळहातावर ठेवलं तर वजन कळावं असं. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, दुसऱ्या बाजूला मान वळवलेली तरुणी, तिच्याभोवती चार डॉल्फिन. चेहऱ्याभोवती डॉल्फिन म्हणजे समुद्राने वेढलेला गोड्या पाण्याचा झरा. शहराचा सगळा नकाशा एवढ्याशा चकतीत मावलाय! एउआइनेटोसने घडवलेल्या नाण्यात तिच्या केसांत लव्हाळ्याची पाती खोवलेली आहेत, आणि मानेवर सुटलेल्या बटा एकेक मोजता येतात. किमोन हा दुसरा कारागीर. त्याने एका नाण्यात तिला थेट आपल्याकडे बघताना दाखवलंय, केस पाण्यात पसरावेत तसे पसरलेले, बटांमधून डॉल्फिन निसटतायत, वर नाव कोरलंय. समोरून चेहरा कोरणं नाण्यावर फार अवघड, कारण नाक सगळ्यात आधी झिजतं. तरी तो चेहरा इतका गाजला की थेसलीतल्या लारिसा शहराने स्वतःच्या निम्फसाठी तोच उचलला. दोन्ही कारागिरांनी नाण्यांवर आपापली सही केलीय, किमोनने तर तिच्या कपाळपट्टीवर. पुढे १९६६ मध्ये इटलीने ५०० लिरांच्या नोटेवर अरेथुसाला पुन्हा आणलं.

ज्यांना हे सगळं मोठ्या आकारात हवं त्यांच्यासाठी आर्किमिडीज चौकात १९०७ चं कारंजं आहे. मधे धनुष्य घेतलेली आर्टेमिस, पायाशी अरेथुसा आणि अल्फिऑस. फोटो चांगला येतो. नाणं पाहिल्यावर मला त्यात फारसा रस उरला नाही.

ग्रीक नाट्यगृहाच्या माथ्यावर खडकात कोरलेली एक गुहा आहे, तिला निम्फेअम म्हणतात. उन्हात पायऱ्या चढून जीव मेटाकुटीला येतो आणि एकदम गारवा लागतो. आत छतापाशी अंधार, मागच्या भिंतीतून पाणी धो-धो हौदात पडतंय. हे पाणी प्राचीन काळी डोंगरातून खोदून आणलेल्या पाटाचं. बाहेरच्या खडकात नवसाच्या वस्तू ठेवायचे कोनाडे आहेत, आता रिकामे. पाण्याखाली हात धरला, गार होतं. पर्यटकांचा एक घोळका आला, त्यांच्या वाटाड्याने 'पुराणातली सुंदर तरुणी' एवढं सांगून त्यांना पुढे नेलं.

सुंदर तरुणी. निम्फचं पुढे हेच झालं, आणि त्याची सुरुवातही याच गावातली. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला कवी थिऑक्रिटस सिराकुसाचा. गुराख्यांची कविता नावाचा जो प्रकार युरोपात दोन हजार वर्षं चालला, तो त्याने सुरू केला. त्याच्या पहिल्याच कवितेत मरणाऱ्या डॅफ्निस नावाच्या गुराख्याने रानातल्या जनावरांचा निरोप घेतल्यावर अरेथुसाचा निरोप घेतलाय. रोमन कवी व्हर्जिलने आपल्या गोपकवितांतली शेवटची लिहायला घेतली तेव्हा अरेथुसालाच हाक मारली, 'हे एवढं शेवटचं काम तडीस ने', आणि वर आशीर्वाद दिला की समुद्राखालून जाताना तुझ्यात खारं पाणी न मिसळो. मिल्टनने १६३७ मध्ये आयरिश समुद्रात बुडालेल्या मित्रावर शोकगीत लिहिलं, त्यातही अरेथुसा आणि अल्फिऑस दोघं आहेत. सिराकुसाचं पाणी असं कवितेतून कवितेत झिरपत इंग्लंडपर्यंत गेलं. पण गंमत बघा, इंग्लंडात त्या पाण्याने कोणाची तहान भागत नव्हती. तिथे अरेथुसा हे फक्त एक गोड नाव होतं.

हायलसची गोष्टही थिऑक्रिटसने सांगितलीय. हेराक्लिसचा लाडका पोरगा घागर घेऊन झऱ्यावर जातो आणि निम्फ त्याला हात धरून आत ओढतात. थिऑक्रिटसने त्यांना 'खेड्यातल्या बायाबापड्यांना भय वाटणाऱ्या' म्हटलंय. आजीला हे लगेच कळलं असतं. १८९६ मध्ये वॉटरहाऊसने याच प्रसंगाचं चित्र काढलं. कमळांच्या तळ्यात सात मुली, सातही जणींचा चेहरा जवळजवळ एकच, गोरा, हताश आणि निरागस. जानेवारी २०१८ मध्ये मँचेस्टरच्या कलादालनाने ते चित्र आठवडाभर भिंतीवरून उतरवलं, बायकांकडे असं किती काळ बघायचं ही चर्चा व्हावी म्हणून. ओरडा झाला, चित्र परत टांगलं. माझी त्या चित्राबद्दलची तक्रार वेगळीच आहे. त्यातलं पाणी कुठलंच नाही. ते कुठल्याही बागेतलं तळं असू शकतं. भीती वाटावी असा खोलपणा त्याला नाही, आणि भीतीशिवाय निम्फ म्हणजे नुसतं तळ्यात उतरलेलं मॉडेल.

म्हणून चिआनेला जावं. शहराबाहेर, मोठ्या बंदराच्या पलीकडे, पाणथळ शेतांमधून येणारी ही छोटी नदी. मुखाशी होडीवाले असतात, पण दरवेळी असतीलच असं नाही. मला मिळाला तो म्हातारा गृहस्थ इंजिन बंद करून बराच वेळ नुसत्या वल्ह्याने गेला. दोन्ही बाजूंनी पपायरस, माणसाच्या दुप्पट-अडीचपट उंच, वर केसाळ हिरवे गोंडे. पात्र इतकं अरुंद की गोंडे डोक्याला लागतात. टेकाडावर झ्यूसच्या देवळाचे दोनच खांब उरलेत, ते मधूनच दिसतात. होडीवाल्याने एक दांडा कापून दाखवला. काप तिकोनी, आत पांढरा भुसभुशीत गाभा. त्याच्या पट्ट्या काढून, आडव्या-उभ्या रचून दाबल्या की कागद. अठराव्या शतकात इथल्याच साव्हेरिओ लान्दोलिनाने याच नदीकाठचा पपायरस वापरून विसरलेली ती रीत पुन्हा जमवली होती. उगमाशी पाणी एकदम रुंद होतं आणि रंग बदलतो, गडद निळा.

पाताळाचा देव हेडीस याने डिमीटर देवीची मुलगी पर्सेफोनी हिला पळवली ती सिसिलीत, आणि रोमन कवी ऑव्हिडच्या सांगण्याप्रमाणे त्याचा रथ इथूनच गेला. सगळ्या देवदेवतांत त्याला आडवी आली ती एकटी चिआने, या झऱ्याची निम्फ. कमरेपर्यंत पाण्यातून वर येऊन, दोन्ही हात पसरून. मुलगी मागायची असते, ओढून न्यायची नसते, माझ्यावरही अनापिसने प्रेम केलं, पण मी त्याच्याशी लग्न केलं ते विनवणीला, धास्तीने नव्हे, असं ती तोंडावर सांगते. हेडीसने राजदंड तिच्या डोहात फेकला, तळ फाटला, रथ त्यातून पाताळात गेला. आणि चिआने दुःखाने विरघळली. ऑव्हिडने हे सावकाश लिहिलंय: आधी केस, बोटं, पाय, मग खांदे, पाठ, छाती, शेवटी शिरांमध्ये रक्ताऐवजी पाणी, आणि धरता येईल असं काहीच उरलं नाही. मुलीला शोधत डिमीटर इथे आली तेव्हा चिआनेला सगळं ठाऊक होतं, पण सांगायला जीभ नव्हती. तिने पर्सेफोनीचा कमरपट्टा पाण्यावर तरंगत आणून दाखवला, एवढंच तिच्या हाती होतं. सिराकुसाचे लोक दरसाल इथे सण करत आणि या डोहात बैल बुडवत, असं इतिहासकार डिओडोरसने लिहून ठेवलंय. आणि अनापिस? ती अनापो नदी. समुद्राला मिळण्याआधी दोन्ही नद्या एक होतात. होडीवाल्याने ते ठिकाण दाखवलं. 'नवरा-बायको,' म्हणाला, आणि पुन्हा इंजिन सुरू केलं.

मग डिमीटरला बातमी दिली कोणी? अरेथुसाने. ती पाताळातून वाहत आली होती ना, वाटेत तिने पर्सेफोनीला पाहिलं होतं. आधी तिने ती खबर दिली, आणि नंतर डिमीटरने विचारलं तेव्हा स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली. ग्रीक पुराणातल्या इतक्या साऱ्या पळणाऱ्या मुलींपैकी हिला एवढं सलग बोलायला मिळालं. ती काय सांगते ते बघा. आपण देखणे आहोत याची इतर मुलींना मिरवायला हौस, मला लाज वाटायची, आपण कुणाला आवडणं हाच गुन्हा वाटायचा. धावताना सूर्य पाठीशी होता, माझ्या पायांपुढे लांबलचक सावली पडलेली दिसली. की भीतीलाच ती दिसत होती? पण पावलांचा आवाज खरा होता, आणि केसांच्या फितीवर त्याचा श्वास लागत होता. रात्री एकटीने रिक्षा स्टँडपासून घरापर्यंत चालत आलेल्या कुठल्याही बाईला ही शंका आणि ही खात्री, दोन्ही माहीत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन पुरुषाला ते कसं लिहिता आलं याचं मला अजून नवल वाटतं.

परतीचं विमान रोमहून होतं, म्हणून बोर्गेझे दालनात गेले. तिथे शिल्पकार बर्निनीची डॅफ्नी आहे, १६२२ ते १६२५ मध्ये घडवलेली. तीही निम्फ, पेनिअस नदीची मुलगी, मागे अपोलो. बोटांच्या टोकांना पानं फुटतायत, संगमरवर इतका पातळ की उजेड पार जातो. मांडीवर साल चढतेय, पायाच्या बोटांतून मुळं जमिनीत घुसतायत. आणि तोंड उघडं, पण आवाज नाही. कार्डिनलच्या घरात नग्न मुलगी ठेवायची म्हणून चौथऱ्यावर माफेओ बार्बेरिनीने, म्हणजे पुढच्या पोप आठव्या अर्बनने, दोन ओळींचा उपदेश लिहून दिला. पळणाऱ्या सौंदर्यामागे धावणाऱ्याच्या हाती पानं येतात, नाहीतर कडू फळं. उपदेश सगळा धावणाऱ्याला. पळणारीला एक शब्द नाही. ऑव्हिडकडेही डॅफ्नीचं झाड झाल्यावर अपोलोच बोलतो, हे झाड आता माझं, आणि झाडाने शेंडा हलवून मान डोलावली 'असं वाटलं'. वाटलं कोणाला, ते तुम्हीच ठरवा.

बोर्गेझेचं तिकीट आधी काढावं लागतं आणि दोन तासांनी बाहेर काढतात. तेवढे पुरतात. तुम्ही जाणार असाल तर मात्र माझ्या उलट क्रमाने जा: आधी रोम, मग सिराकुसा. सिराकुसासाठी कटानियाच्या विमानतळावरून बस मिळते. नाण्यांचं दालन कधी उघडं असतं ते आधी विचारून घ्या, आणि ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'चं पाचवं पुस्तक, कुठल्याही भाषेतलं, सोबत न्या. चिआनेच्या होडीत वाचायला वेळ मिळतो, फक्त टोपी घाला. पपायरसची सावली होडीच्या मध्यावर पोचत नाही.